लेहकर

लेहकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, वीजबिलावर आहे, पण बोलताना ते सोसायटीत कोणी वापरत नाही. नाशिकचा तो नाशिककर, साताऱ्याचा तो सातारकर, हे समजण्यासारखं आहे. आमचे लेहकर लेहचे नाहीत. तिथे राहिलेले नाहीत, गेलेलेही नाहीत. ते जाणार आहेत. २००९ च्या डिसेंबरात 'थ्री इडियट्स' लागला, शेवटाला पँगाँगचं ते निळंशार तळं पडद्यावर आलं, आणि थिएटरच्या पार्किंगमधून गाडी काढता काढता ते वहिनींना म्हणाले, "इथे मोटरसायकलने जायचं." तेव्हापासून जाणार आहेत.

असा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. ओळखायला सोपा असतो. पार्किंगमधल्या ज्या मोटरसायकलच्या हँडलला पाच रंगांच्या तिबेटी पताका बांधलेल्या असतात आणि मागच्या लोखंडी कॅरियरवर कोथिंबिरीची जुडी अडकवलेली असते, ती गाडी त्याची. वाऱ्याने पताका हलली की तिच्यावरचे मंत्र जगभर पसरतात अशी तिकडे श्रद्धा आहे. लेहकरांच्या पताका कुरिअरने आल्या आणि सिंहगड रोडला लागल्या. संध्याकाळी सहा ते नऊ त्या रस्त्यावर गाड्याच हलत नाहीत, तर पताका कुठून हलणार? तरी पण सांगतो, तेवढ्या भागात जी काही मनःशांती आहे ती त्यांच्यामुळेच असावी.

लेहकरांची हयात एका सरकारी खात्यात अंदाजपत्रकं करण्यात गेली. ही गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय त्यांची लडाखची ट्रिप कळणार नाही. सामान्य माणूस ट्रिप ठरवतो म्हणजे तारीख ठरवतो. लेहकरांनी आधी दरसूची ठरवली. पेट्रोलचा दर, खोलीचा दर, थाळीचा दर, पंक्चरचा दर. मग परिमाणं. पुण्याहून लेहपर्यंत जायचं, तिकडे नुब्रा आणि पँगाँग हिंडायचं आणि चाकावरच परत यायचं, म्हणजे सहा हजार किलोमीटर धरा. लिटरला तीस, म्हणजे दोनशे लिटर. चार माणसं, चार गाड्या, अठरा दिवस. हे सगळं कॉम्प्युटरवरच्या एका तक्त्यात आहे, आणि त्या तक्त्यात किती ओळी आहेत हे मी मोजलेलं नाही. पण एकदा त्याची प्रिंट काढली तेव्हा ती दाखवायला त्यांना डायनिंग टेबलाला जोडून इस्त्रीचं टेबल लावावं लागलं.

चहाला त्यात स्वतंत्र ओळ आहे. ती सहजासहजी मिळालेली नाही. चहा जेवणात धरायचा की इंधनात, यावर मंडळाच्या दोन बैठका खर्ची पडल्या. शेवटी 'माणशी दिवसाला पाच कप, दर वीस रुपये' असा तोडगा निघाला. सगळ्यात खाली 'अनपेक्षित खर्च' असं शीर्षक आहे, आणि त्याच्याखाली तपशील आहे: पंक्चर दोन, क्लच केबल एक, जुलाब दीड दिवस. मी विचारलं, "दीडच दिवस?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी खारदुंग ला आहे," ते म्हणाले.

मंडळ म्हणजे चार जण. लेहकर स्वतः, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ (हे खजिनदार), एक होमिओपॅथ डॉक्टर, आणि लेहकरांचे साडू. साडू कशासाठी आहेत हे पहिली काही वर्षं कोणालाच कळत नव्हतं. मग रस्त्याचा विषय निघाला.

पुण्याहून दिल्लीकडे जायला मोटरसायकलवाल्याला दोन मोठे रस्ते. एक सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर असा. दुसरा नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा. गुळगुळीत द्रुतगती मार्ग त्याच्या नशिबी नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती असो, समृद्धी असो की दिल्ली-मुंबई, दुचाकीला सगळीकडे मज्जाव. लेहकरांचा कल गुजरातकडे होता, कारण पेट्रोल तिकडे आपल्यापेक्षा स्वस्त. मध्य प्रदेशात उलट आपल्यापेक्षा महाग. वापीच्या अलीकडे टाकी किती रिकामी असावी, म्हणजे सीमा ओलांडताच पहिल्या पंपावर ती काठोकाठ भरता येईल, याचं गणितही तयार होतं. इतक्यात साडू म्हणाले, "धुळ्याला माझी बहीण असते."

धुळ्याला बहीण. इंदूरला डॉक्टरांची आत्या. होळकरांच्या काळापासून तिकडे असलेलं घर, दुसरा मजला रिकामाच. ग्वाल्हेरला त्याच आत्याचे व्याही. दिल्लीत खजिनदारांच्या बँकेतला कोणीतरी. एका झटक्यात चार रात्रींचा मुक्काम, जेवण आणि सकाळचा नाश्ता शून्य रुपयांवर आला. हा मोह मोठा होता. स्वस्त पेट्रोल आणि फुकटची आत्या यांचा तौलनिक तक्ता झाला, आणि आत्या जिंकली. पण रस्ता आत्यावरून ठरला की दिवसाचा टप्पाही आत्यावरून ठरतो. धुळ्याहून निघाल्यावर इंदूर दुपारीच येतं. आत्याकडे दुपारी पोचलं की ती संध्याकाळी सोडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सराफ्यात खायला नेल्याशिवाय तर मुळीच नाही. अठरा दिवसांचे एकवीस झाले. खजिनदारांनी आक्षेप घेतला, एकवीसचे पुन्हा अठरा करण्यासाठी लेहमधली विश्रांती कापावी असं सुचवलं. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तिथे गेल्यावर शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. खजिनदारांना हे पटेना. "काहीही न करण्याचं हॉटेलभाडं द्यायचं? काहीही न करणं आपल्याला पुण्यात फुकट आहे."

"गाडी झेलमने जम्मूला टाकू," असंही एकदा निघालं. झेलम एक्सप्रेस पुण्याहून थेट जम्मूतावीला जाते. पार्सल ऑफिसात टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं, गाडीला गोणपाट गुंडाळायचं, आणि आपण बर्थवर. लेहकरांनी चौकशी केली, दर काढले, गोणपाटाचाही दर काढला, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण मग ती 'राईड' होणार नाही हो. ते पार्सल होईल." मनालीला भाड्याने गाडी घ्यावी हा खजिनदारांचा प्रस्तावही पडला. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाडीवर लडाखात हिंडू देत नाहीत, तिथल्या गाडीवाल्यांचा विरोध असतो. हे सांगताना लेहकरांच्या चेहऱ्यावर, आपल्या बाजूने निकाल लागलेल्या वकिलासारखं तेज होतं.

दिल्लीहून चंदीगडकडे निघालं की वाटेत पानिपत लागतं. भूगोलाला इलाज नाही. तिथे काला आंबच्या स्मारकापाशी थांबायचं यावर एकमत होतं. वाद होता तो मुक्कामाचा. खजिनदार म्हणाले, नमस्कार करू आणि पुढे निघू, आपल्या लोकांना तिथला मुक्काम मानवलेला नाही. यावर लेहकर जे बोलले ते त्यांच्या साऱ्या नियोजनाचं तत्त्वज्ञान आहे. म्हणाले, १४ जानेवारी १७६१ ला शौर्य कमी पडलं नाही, रसद कमी पडली. अब्दालीने दिल्लीची वाट अडवली, दाणागोटा तुटला, बरोबर बायकामुलं आणि यात्रेकरूंचं लटांबर, आणि मराठी फौज उपाशी पोटी मैदानात उभी राहिली. "उत्तरेची मोहीम तलवारीवर होत नाही, तक्त्यावर होते. कुठल्या दिवशी कुठे दाणा, कुठे पाणी, हे कागदावर नसेल तर पुण्यातून पाय काढू नये."

वहिनी पोहे घेऊन बाहेर येत होत्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब निदान निघाले तरी होते."

त्या रविवारची बैठक पोहे संपताच आटोपली.

वहिनींचा ट्रिपला विरोध आहे असं मात्र कोणी समजू नये. उलट त्या दर वर्षी एप्रिलात विचारतात, "मग जाताय ना या खेपेला? म्हणजे मी आईकडे जाऊन येते." एकदाच त्यांनी तक्त्यात लक्ष घातलं. चष्मा लावला, तळाचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "एवढ्यात आपण दोघं विमानाने लेहला कितीदा जाऊन येऊ?" प्रश्न रास्त होता. लेहकर प्रामाणिक माणूस. त्यांनी रात्री बसून त्याचंही अंदाजपत्रक केलं. उत्तर काय आलं ते मला ठाऊक नाही. तो कागद घरात पुन्हा कोणाला दिसलेला नाही.

आता तारखेचं पाहू. मनाली-लेह रस्ता बर्फ काढून साधारण मे-जूनच्या सुमारास उघडतो आणि ऑक्टोबरनंतर केव्हाही मिटतो. म्हणजे मराठी माणसाला वर्षातले सगळे अडचणीचे महिने मिळतात. मेमध्ये लग्नं. जूनमध्ये शाळा, आणि शाळा संपल्या की ॲडमिशनं. जुलै-ऑगस्टला हिमाचलात पाऊस आणि दरडी. सप्टेंबर हा लडाखसाठी सोन्यासारखा महिना: आकाश निळं, नाले उतरलेले, पॉपलरची पानं पिवळी व्हायला लागलेली. नेमका तेव्हा गणपती. लेहकर सोसायटीच्या मंडळाचे पंचवीस वर्षं हिशेबनीस. ते नसले तर मूर्ती येईल, पण पावती कोण फाडणार? गणपतीनंतर पितृपक्ष. त्या पंधरवड्यात शुभकार्याला निघू नये, आणि ट्रिप हे शुभकार्य आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. पुढे नवरात्र, वहिनींचे नऊ दिवसांचे उपास. दसऱ्याला सीमोल्लंघन करावं तर वर पहिला बर्फ पडलेला.

एकदाच पंचांगाने साथ दिली. २०२३ ला अधिक श्रावण आला. गणपती सरकत सरकत १९ सप्टेंबरला गेले आणि अख्खा ऑगस्ट मोकळा मिळाला. लेहकरांनी रजेचा अर्ज दिला. डॉक्टरांनी दवाखान्यावर पाटी लावली. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बियास नदी अशी काही फुगली की कुल्लू-मनालीच्या रस्त्याचे लचकेच तोडून गेली. टीव्हीवर ते पाहताना लेहकर म्हणाले, "बघा. अनपेक्षित खर्चात रस्ता धरायचा राहिला."

गाडी कोणती घ्यायची हा प्रश्न मात्र दर दोन-तीन वर्षांनी सुटत आला आणि पुन्हा अडला. सुरुवातीला साडेतीनशेची बुलेट ठरली होती. पण खारदुंग लावर हवेत प्राणवायू आपल्याकडच्या निम्मा. माणूस धापा टाकतो तसं कार्ब्युरेटरचं इंजिनही टाकतं. म्हणून थांबले. २०१६ ला 'हिमालयन' आली. नावातच उत्तर होतं, पंधरा लिटरची टाकी होती. पण पहिली आवृत्ती कार्ब्युरेटरचीच. थांबले. इंजेक्शनवाली आली, तर पुढे बीएस-सहा येणार असं ठरलेलं होतं. थांबले. २०२० ला बीएस-सहा आलं तेव्हा टाळेबंदीही आली, आणि देशच थांबला. लेहकरांना पहिल्यांदा आपण सगळ्यांच्या बरोबरीने आहोत असं वाटलं. २०२३ च्या नोव्हेंबरात साडेचारशेची, सतरा लिटर टाकीची आली. ती त्यांनी शोरूममध्ये जाऊन पाहिली, बसून पाहिली. सध्या ते एका ठाम निर्णयापर्यंत आले आहेत, तो असा की इतक्यात घाई करू नये.

आणि घाई न करण्याची फळं त्यांना मिळालीही आहेत. २०१९ पर्यंत निघाले असते तर रोहतांगच्या चिखलात अडकले असते. ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला आणि ती अडचण परस्पर मिटली. उंचीच्या बाबतीत तर त्यांचा दूरदर्शीपणा सिद्धच झाला. खारदुंग लाच्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असे, जगातला सर्वात उंच गाडीरस्ता म्हणून. जीपीएसवाले मोजून आले तर आकडा निघाला १७,५८२ च्या घरातला. ज्यांनी घाईघाईने जाऊन पाटीखाली फोटो काढले त्यांचे आठशे फूट बसल्या जागी गेले. मग सीमा रस्ते संघटनेने २०२१ ला उमलिंग लावरून १९,०२४ फुटांवर डांबरी रस्ता नेला. लेहकरांनी बेत बदलला. २०२५ ला त्याच संघटनेने मिग ला गाठली, १९,४०० फूट. "पाहा," ते म्हणाले, "घाईत गेलो असतो तर आतापर्यंत तीनदा जावं लागलं असतं."

मधल्या काळात सामान येत राहिलं. लेहकर नाना पेठेत जाऊन क्लच केबल, स्पार्क प्लग, ब्रेकची लिव्हर घेऊन आले. जुन्या बाजारातून फौजी बनावटीचा जेरीकॅन आणला, बाकीचं कुरिअरने आलं. पण घर ही मोठी पचनशक्ती असलेली वस्तू आहे. स्लीपिंग बॅग पाहुणे आले की हॉलमध्ये अंथरली जाऊ लागली. टँकर आला नाही त्या उन्हाळ्यात जेरीकॅन पिण्याच्या पाण्याला लागला. विरळ हवेत हुंगायला आणलेला कापूर आरतीला संपला. डायमॉक्सच्या गोळ्यांची मुदत उलटली. गुडघ्यांचे रायडिंगचे गार्ड लेहकर दत्तजयंतीला प्रदक्षिणा घालताना वापरतात. डोक्याला बांधायची बॅटरी दिवे गेले की वहिनींच्या कपाळावर असते. लडाखात बाहेरचं प्रीपेड चालत नाही म्हणून चौघांनी एकदमच पोस्टपेड करून घेतलं. ते नंबर पुण्यात राहून निमूटपणे बिल भरत आहेत. एका ऑक्सिमीटरबद्दल मात्र सांगायलाच हवं. तो त्यांनी टाळेबंदीच्या कितीतरी आधी घेतला होता, आणि तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. २०२१ च्या एप्रिलात, दुकानांत तो औषधालाही मिळत नव्हता तेव्हा, लेहकरांचा ऑक्सिमीटर सहा मजले खालीवर करत होता. कोणाकडे किती वाजता न्यायचा, कधी पुसून परत आणायचा, याचा तक्ता अर्थात त्यांनीच केला होता. तो तक्ता एकही दिवस चुकला नाही.

हे सगळं सामान सोसायटीत आणणारा कुरिअरचा एक मुलगा होता. भोरकडचा, अंगाने किरकोळ, गाडी एकशेदहा सीसीची स्कूटर. लेहकर प्रत्येक खोकं त्याच्यासमोर उघडून पाहात, कारण वस्तू फुटलेली निघाली तर साक्षीदार लागतो. त्यामुळे पोराने ती सगळी मोहीम वस्तूंच्या क्रमाने पाहिली होती. एके दिवशी थर्मलचे कपडे पोचवताना तो म्हणाला, "काका, लय थंडी असती का तिथं?" लेहकरांनी त्याला जिन्यातच उभं करून सप्टेंबरातलं रात्रीचं तापमान ठिकाणवार सांगितलं. पोराने मान डोलावली, सही घेतली आणि गेला.

त्यानंतर महिनाभर दुसराच मुलगा खोकी आणत होता.

मग एका दुपारी हा परत उगवला. नाकाचं सालपट निघालेलं, ओठ फुटलेले, गाल तांब्यासारखे. हातात खोकं नव्हतं. "काका," म्हणाला, "जाऊन आलो."

"कुठे?"

"ते तुमचं, तिथं."

लेहकरांनी त्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि तक्ता उघडला. मी योगायोगाने तिथे होतो, आणि सांगतो, असा पंचनामा मी कुठल्या चौकीतही पाहिलेला नाही. पोराला एकही नाव ठाऊक नव्हतं. तो लोकांच्या मागे मागे गेला होता. पण लेहकरांना नाव लागत नव्हतं, नुसती खूण पुरत होती.

"लय लांब बोगदा लागला. संपंचना."

"अटल. नऊ किलोमीटर. बाहेर आल्यावर डावीकडे वळलास."

"व्हय. मग एक पंप आला. पाटी होती, पुढं पंप न्हाई."

"तांदी. तीनशे पासष्ट किलोमीटर. मग? तुझी टाकी तर पाच लिटरची!"

"शेंगदाणा तेलाचा डबा होता पाच लिटरचा. तो भरून पायापाशी ठिवला."

लेहकरांनी क्षणभर डोळे मिटले. त्यांच्या तक्त्यात जेरीकॅन होता, तो अडकवायची लोखंडी चौकट होती, चौकटीचे नट-बोल्ट होते. शेंगदाणा तेलाचा डबा नव्हता.

"मग वळणं आली. गरागरा. एका वळणावर लोकांनी पाण्याच्या बाटल्या ठिवल्यात. नुसता ढीग."

"गाटा लूप्स. एकवीस वळणं. तिथे एक ट्रकवाला तहानेने गेला असं सांगतात, त्याच्यासाठी ठेवतात. तू ठेवलीस?"

"माझी मलाच पुरंना, काका."

"मग सपाट मैदान, सरळ रस्ता, उजवीकडे-डावीकडे काही नाही?"

"तुमी कधी गेलता?" पोराने डोळे मोठे केले.

असं ते तासभर चाललं. पोरगं सांगत होतं काय खाल्लं, कुठे कापरं भरलं, कुठल्या फौजीने चहा पाजला, आणि लेहकर त्याला सांगत होते तो कुठे होता. मोरे प्लेन्स, तांगलांग ला, उपशी, कारू. पोराच्या तोंडावर आश्चर्य वाढत चाललं होतं. तो खरंच इतक्या नावाच्या ठिकाणांहून गेला होता हे त्याला तेव्हा, सिंहगड रोडच्या त्या हॉलमध्ये, पंख्याखाली कळत होतं. पँगाँगचं निघालं तेव्हा तो हसायला लागला. तिथे पर्यटकांसाठी सिनेमातल्यासारखी पिवळी स्कूटर उभी असते, बसून फोटो काढायचे पैसे. तर याची स्कूटर तांबड्या मातीने माखलेली, नंबर महाराष्ट्राचा. दिल्लीच्या एका कुटुंबाला तीच आवडली. "बसून फोटू काढले आन् पन्नास रुपये दिले."

लेहकर तक्त्यावर थबकले. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. तक्त्यात जमेची बाजूच नव्हती.

मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. "बिलं कुठेत?"

"कसली बिलं?"

"एकूण खर्च किती झाला?"

"पैशे होते तवर गेलो. निम्मे संपले तसा मागं फिरलो."

मला वाटलं, आता हे संतापतील. इतक्या वर्षांच्या तक्त्याला हे एका वाक्याचं अंदाजपत्रक म्हणजे अपमानच. पण लेहकर त्या वाक्याचा बराच वेळ विचार करत बसले. वहिनींनी पोराला दुसऱ्यांदा शिरा वाढला, आणि तो खाताना त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या शेजाऱ्यांबद्दल मला जरा काळजीच वाटली.

"बरं," लेहकर शेवटी म्हणाले, "एवढं तरी सांग. त्या उंच खिंडीवर, जिथे पिवळी पाटी होती आणि सगळे फोटो काढत होते, तिथे चहा घेतलास ना?"

"घेतला की."

"कितीला?"

पोराने डोकं खाजवलं. सगळ्या प्रवासातला हा एक आकडा त्याला बरोबर आठवत होता. "तीस."

लेहकरांनी वीस खोडून तीस केले. दर सर्वांत दूरच्या ठिकाणचा धरायचा, हा त्यांच्या खात्याचा नियम आहे. चार माणसं, अठरा दिवस, माणशी पाच कप: तीनशे साठ चहा, कपामागे दहा रुपये वाढ. तीन हजार सहाशे. एवढी वाढ त्यांच्या एकट्याच्या अधिकारात बसत नाही. सुधारित प्रस्ताव त्यांनी त्याच संध्याकाळी खजिनदारांकडे मान्यतेसाठी पाठवला. खजिनदार मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेलेत, ते दिवाळीनंतर येतील.